षटकोनी आणि चौकोनी चाकाची युनिसायकल: नाशकात बनवायची कशी, चालवायची कशी

ज्यांना साधी गोल चाकाची युनिसायकल, म्हणजे एकचाकी सायकल, आधीच येते त्यांच्यासाठीच हे लिहितोय. म्हणजे भिंत न धरता चढता येतं, शे-दोनशे मीटर आरामात जाता येतं, जागच्या जागी मागेपुढे करत थोडं थांबता येतं, एवढं जमत असेल तर पुढे वाचा. नसेल जमत तर आधी गोल चाकावर हात, म्हणजे पाय, बसवा, कारण चौकोनी चाक काहीही शिकवत नाही, ते फक्त परीक्षा घेतं.

नाशिक तसं सायकलवाल्यांचं गाव आहे, २०१५ मध्ये इथल्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांची टीम करून रेस ॲक्रॉस अमेरिका पूर्ण केली होती, आणि आजही पहाटे गंगापूर रोडला, त्र्यंबक रोडला सायकलींचे जथे दिसतात. पण आपल्या कामाचा खरा फायदा वेगळाच आहे, सातपूर आणि अंबडची एमआयडीसी. पट्टी वाकवणारा, वेल्डिंगवाला, लेथवाला, बेअरिंगवाला सगळे एका फेरीत भेटतात. फक्त काय बनवायचंय ते कागदावर नेमकं काढून न्या, नाहीतर तुमचं बोलणं ऐकून "भाऊ, सरळ गोलच करून देतो ना" असं उत्तर मिळतं.

आधी एक हिशोब, बाकी सगळं त्यावर उभं आहे

विचित्र चाक म्हटलं की सगळे आकाराकडे बघतात, मी दोनच मापं बघतो: सपाट बाजूची अर्धी लांबी आणि क्रँकची, म्हणजे ज्या दांड्याला पायडल लागतं त्याची, लांबी.

कसं ते सांगतो. चाक सपाट बाजूवर बसलेलं असताना पुढे जायचं म्हणजे तुमचं सगळं वजन पुढच्या कोपऱ्यावरून पलीकडे न्यायचं. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, बरोबर खालच्या जागेपासून तो कोपरा जितका पुढे, तितका जोर जास्त लागतो, आणि हे अंतर म्हणजे बाजूची अर्धी लांबी. जोर लावायला तुमच्याकडे काय आहे, तर क्रँक. क्रँक आडवा असताना पुढच्या पायडलवर पूर्ण उभे राहिलात तर जेमतेम क्रँकच्या लांबीएवढंच काम होतं. त्यामुळे अर्धी बाजू क्रँकपेक्षा लहान असेल तर थांबलेलं चाकसुद्धा उचलता येतं, मोठी असेल तर मांड्या कितीही पैलवानी असू देत, नुसत्या वजनाने ते हलणार नाही, आधीचा वेग किंवा कुणाचा तरी धक्का लागणारच.

आता ५० सेंटीमीटर बाजूचा चौकोन घ्या, व्हिडिओत भारी दिसतो म्हणून सगळ्यांना तोच हवा असतो. अर्धी बाजू २५ सेंमी, क्रँक १५ सेंमी. संपला विषय. शिवाय प्रत्येक कोपऱ्यावर हब १०.४ सेंमी वर जातो आणि तितकाच खाली आदळतो, चाकाच्या एका फेरीत चार वेळा. तेच २६ सेंमी बाजूचा षटकोन घेतला तर अर्धी बाजू १३, क्रँक १५, आणि हब फक्त साडेतीन सेंमी वरखाली. म्हणून माझं स्पष्ट मत, पहिलं चाक षटकोनीच करा, चौकोन दुसरा. अष्टकोन तर इतका सोपा जातो की दहा मिनिटांत कंटाळा येतो.

बाकी आकारांबद्दल थोडक्यात. गोल चाकाचाच हब मध्यापासून २ सेंमी सरकवला तर एका फेरीत एकदाच ४ सेंमीची झोकांडी बसते, चालवायला मजेशीर, पण प्रत्येक तार वेगळ्या लांबीची कापून तिला आटे पाडावे लागतात, ज्याला वेळ आहे त्याने करावं. लंबगोल चाक चालवायला सगळ्यात गोड, बनवायला किचकट. आणि तो फुगीर बाजूंचा त्रिकोण, ज्याला रूलो त्रिकोण म्हणतात. चीनमधल्या चिंगदाओच्या ग्वान बायहुआ यांनी २००९ मध्ये मागे तसला त्रिकोण आणि पुढे तसलाच पंचकोन लावून सायकल बनवली होती. लोकांना वाटतं की या त्रिकोणाची रुंदी सगळीकडून सारखी म्हणजे तो गोल चाकासारखाच सपाट चालेल. नाही चालत. सारखी राहते ती जमिनीपासून चाकाच्या माथ्यापर्यंतची उंची, आणि तुम्ही माथ्यावर नाही, मधल्या हबवर बसलेले असता. ५० सेंमी रुंदीच्या रूलो त्रिकोणात हब जवळजवळ पावणेआठ सेंमी वरखाली होतो. फुगीर पंचकोनात मात्र हेच अडीच सेंमीच्या आसपास येतं, त्यामुळे करायचाच असेल तर तो करा.

षटकोनी चाक, सुरुवातीपासून

सामान: २० इंची युनिसायकलचं चाक, पण २४ इंची युनिसायकलचा चिमटा, म्हणजे चाक दोन्ही बाजूंनी धरणारा सांगाडा. हे उलटसुलट वाटेल पण रिमवर बाहेरून लोखंडी पट्टीचा षटकोन चढणार आहे, त्याचे कोपरे रिमच्या बाहेर येणार आहेत, २० इंची चिमट्यात ते वर घासतात. बेअरिंगच्या मध्यापासून चिमट्याच्या आतल्या माथ्यापर्यंत मोजा, हे अंतर कोपऱ्यापर्यंतच्या मापापेक्षा दीड सेंमी तरी जास्त पाहिजे. दोन्ही बेअरिंग चिमट्याच्या कपात बसतायत ना तेही घेतानाच बघा, बाहेरचं माप बहुतेक ४० किंवा ४२ मिमी असतं आणि ४० चं बेअरिंग ४२ च्या कपात ढिलं राहतं.

रिमला लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर लोखंडी, वेल्डिंग होईल. नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम, त्यावर लोखंड वेल्ड होत नाही, मग १८ मिमी मरीन प्लायचे सहा तुकडे कापून रिमला बोल्टने धरावे लागतात. तेही चालतं, पण बोल्ट सारखे ढिले होतात. लोखंडी रिम मिळत असेल तर तीच घ्या.

टायर, ट्यूब, रिमपट्टी सगळं काढा. चाकाला आऊट असेल, म्हणजे ते फिरताना लचकत असेल, तर तो आत्ताच काढून घ्या, नंतर वेल्ड झाल्यावर रिम तुमचं ऐकत नाही. मग रिमचं बाहेरचं माप घ्या, २० इंचीला मध्यापासून साधारण २१ सेंमी येतं, पण माझ्या आकड्यावर जाऊ नका, टेप लावा. एका मोठ्या पुठ्ठ्यावर खऱ्या मापाचं चित्र काढा. शाळेत कंपासने वर्तुळावर तेवढीच त्रिज्या सहा वेळा टाकून षटकोन काढायचो ना, तेच, फक्त वर्तुळ रिमचं नाही, कोपऱ्यांतून जाणारं घ्यायचं, रिम षटकोनाच्या आत बसली पाहिजे. रिम २१ सेंमी असेल तर पट्टीची आतली बाजू सव्वाचोवीस सेंमीची येते, म्हणजे सगळी मिळून दीड मीटरच्या आत पट्टी लागते. ३२ बाय ५ मिमीची एमएस, म्हणजे साध्या पोलादाची, पट्टी घ्या, तिचं वजन पावणेदोन किलोच्या पुढेमागे होतं, त्याहून जाड घेतली तर चाक जड होऊन सुरुवात करताना रडवतं.

पट्टी तापवून वाकवलेली चांगली. ग्राइंडरने चीर पाडून वाकवायचा शॉर्टकट बरेच जण मारतात, मग त्या चिरेत वेल्ड पूर्ण भरलाय का ते उभं राहून बघा, कारण सगळा मार कोपऱ्यांवरच बसतो. त्याच कारणाने पट्टीची दोन टोकं जिथे जुळतात तो जोड कोपऱ्यावर घेऊ नका, एखाद्या बाजूच्या मध्यावर घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती वेल्डिंगच्या आधीच ठरवायची: क्रँक कुठे. चौकोनी टोकाच्या एक्सलवर क्रँक ९० अंशांच्या उड्यांनीच बसतो, त्यामुळे नंतर थोडा फिरवून बघू असं चालत नाही. नियम सोपा आहे, समोरासमोर कोपरे असलेल्या चाकात क्रँक कोपऱ्याकडे रोखलेला ठेवायचा. षटकोनात असं केलं की बाजू जमिनीला टेकते तेव्हा क्रँक कधी आडवा असतो, कधी त्यापासून ६० अंश वर नाहीतर खाली, पण सरळ उभा कधीच नसतो. बाजूच्या मध्याकडे रोखलात तर दर तिसऱ्या बाजूला क्रँक नेमका उभा सापडतो, तिथे पायात जोरच येत नाही, आणि चाक तिथेच बसकण मारतं. कोपऱ्याकडे ठेवायचा दुसरा फायदा असा की पायडल अगदी खाली असतं तेव्हाच हब सगळ्यात वर असतो, म्हणजे पायडल जमिनीला घासत नाही. लंबगोल चाकात मात्र क्रँक लांब टोकाच्या ४५ अंश मागे हवा आणि सरकवलेल्या हबच्या चाकात तुमच्या जोरकस पायाचा क्रँक लांब बाजूकडे.

म्हणून क्रँक आधी लावा, डावा-उजवा खडूने लिहा, मगच पट्टी रिमवर चढवून जुळवा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, चाक चुकून उलटं बसवलं तर चालवता चालवता पायडलं सुटत येतात, त्यामुळे ती खडूची खूण नंतर ऑइलपेंटने पक्की करून टाका.

वेल्डिंगवाल्याला तीन गोष्टी सांगायच्या. एक, जिथे टाका मारायचाय तिथलं क्रोम घासून काढायचं आणि काम उघड्यावर करायचं, क्रोमचा धूर विषारी असतो. दोन, अर्थिंगचा क्लॅम्प रिमलाच लावायचा, हबला किंवा क्रँकला नाही, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन छर्र्यांची वाट लागते. तीन, पहिल्या फेरीत सहा बाजूंच्या मध्यावर एकेकच टाका, तेही समोरासमोर, ओळीने नाही, ओळीने मारले की उष्णतेने रिम एकीकडे ओढली जाते. एवढं झालं की चाक चिमट्यात लावून हळू फिरवा आणि हबपासून प्रत्येक बाजूचं अंतर मोजा, दोन मिलिमीटरचा फरक चालतो, पाच असेल तर टाका तोडून परत. सगळं बरोबर असेल तर पक्कं वेल्ड, आणि रिम ते कोपरा जी सव्वातीन सेंमीची पोकळी राहते तिथे ५ मिमी प्लेटचा त्रिकोणी तुकडा. हे सहा त्रिकोण "कशाला लागतात, मजबूत आहे" म्हणून टाळले जातात, टाळू देऊ नका, ते नसले तर पंधरवड्यात कोपरे आत दबलेले दिसतील. गार झाल्यावर तारा पुन्हा वाजवून बघा, ज्या बद्द वाजतात त्या ताणा.

वरून रबर. टायर रिमोल्डवाल्याकडे, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवणाऱ्याकडे, ट्रेडची पट्टी मिळते, साधारण १० मिमी जाडीची घ्या. सोल्युशनने चिकटवा आणि शिवाय दर बाजूला दोन बोल्ट, डोकी रबरात पूर्ण बुडालेली. रबराचा जोडही बाजूच्या मध्यावरच, कोपऱ्यावरून रबर सलग गेलं पाहिजे.

चौकोनी चाक हवंच असेल तर

१६ इंची चाक घ्या. त्याची लोखंडी रिम मध्यापासून साधारण १६ सेंमी असते, पट्टी आणि रबर धरून चौकोनाची बाजू ३५ सेंमीच्या आसपास जाते. अर्धी बाजू साडेसतरा, त्यामुळे क्रँक १७० मिमीचे लावा, आणि तेही कोपऱ्यांकडे रोखून. तरी सांगून ठेवतो, क्रँक तिरका असल्याने त्याची लांबी पूर्ण कामी येत नाही, जवळपास ७० टक्केच येते. म्हणजे थांबलेल्या चौकोनाला हलवायचं तर सीटचं हँडल वर ओढून पायडलवर वजनापेक्षा जास्त दाब द्यावा लागतो, नाहीतर रेलिंगला धरून ढकलून घ्यायचं.

कोपरे ४ सेंमी त्रिज्येने गोल केले तर हब सव्वासात ऐवजी साडेपाच-पावणेसहा सेंमीच वरखाली होतो. लांबून चौकोन चौकोनच दिसतो आणि मणक्याला बराच आराम पडतो. सपाट जमिनीवर चालवणार असाल तर हे कराच.

सपाट जमिनीवर आदळत नको, एकदम मख्खन चालवायची असेल तर चाकाऐवजी रस्ता बदलायचा. हा उद्योग जगात झालेला आहे, अमेरिकेतल्या मॅकॅलेस्टर कॉलेजचे गणिताचे तेव्हाचे प्राध्यापक स्टॅन वॅगन यांनी चौकोनी चाकांची तीनचाकी बनवली, न्यूयॉर्कच्या नॅशनल म्युझियम ऑफ मॅथेमॅटिक्समध्येही तशी तीनचाकी लोकांना चालवायला ठेवलेली होती. रस्ता असा उंचवट्यांचा हवा की प्रत्येक उंचवट्यावरून मोजलेली लांबी चौकोनाच्या एका बाजूएवढी असेल आणि वळण लोंबत्या साखळीचं, फक्त उलटं. गणित यायची गरज नाही, हे घरी भिंतीवर होतं. बारीक कड्यांची साखळी घ्या, तिच्यावर ३५ सेंमी मोजून दोन खुणा करा, भिंतीवर एका पातळीत दोन खिळे ३०.८ सेंमी अंतरावर ठोका आणि खुणा खिळ्यांवर येतील अशी साखळी लोंबू द्या. मध्ये ती सव्वासात सेंमी खाली येते. मागे पुठ्ठा धरून पेन्सिलने ते वळण उतरवा, पुठ्ठा उलटा केला की तुमचा उंचवटा तयार. त्यावरून प्लायच्या फासळ्या कापायच्या, वर पातळ प्लाय वाकवून ठोकायचा. दहा उंचवटे म्हणजे तीन मीटरच्या वर थोडा रस्ता होतो. बाजू ३५ नसेल तर खिळ्यांचं अंतर बाजूच्या ०.८८ पट ठेवा.

या रस्त्यासाठी कोपरे गोल करायचे नाहीत, टोकदारच हवेत, ते दोन उंचवट्यांच्या मधल्या खाचेत बरोबर बसतात. वळायचं मात्र नाही, सरळच जायचं. आणि त्रिकोणी चाकासाठी असा रस्ता करायला जाऊ नका, त्याचा कोपरा खाचेतून निघायच्या आधीच शेजारच्या उंचवट्यात घुसतो.

चालवायचं कुठे आणि कसं

जागा म्हणजे डांबर किंवा सिमेंट, सपाट आणि कोरडं. सोसायटीचं पार्किंग चांगलं, पण षटकोन सिमेंटवर ठकठक आवाज करतो, दुपारी एक ते चार वरच्या मजल्यावरच्या काकूंशी वैर घेऊ नका. गोल्फ क्लब म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाच्या मातीत आदळणं कमी लागतं पण कोपरे रुततात आणि वेग मरतो, शिवाय सकाळी चालणाऱ्यांची गर्दी. गोदाघाटाच्या फरशीवर अजिबात नको, शेवाळ आणि पायऱ्या दोन्ही आहेत. पावसाळ्यात चाक घरात ठेवा, ओल्या रस्त्यावर कोपरा टेकला की सरळ घसरतो. हेल्मेट, मनगटाचे गार्ड, गुडघ्याचे आणि नडगीचे पॅड, यातलं नडगीचं सोडून चालेल असं वाटतं, तेच सोडू नका.

चढणं गोल चाकापेक्षा सोपं असतं, ऐकून आश्चर्य वाटेल. सपाट बाजूवर चाक पुढेमागे पळत नाही, स्टुलासारखं उभं राहतं. क्रँक आडवा आहे अशी बाजू निवडा, रेलिंग किंवा मित्राचा खांदा धरा आणि बसा.

सुटताना गोल चाकाच्या सवयीने लगेच पायडल मारू नका. आधी अंग पुढे झुकवा, गोल चाकावर कधी झुकला नसाल इतकं, बेंबी पुढच्या कोपऱ्याच्या वर आली पाहिजे. मग पुढच्या पायडलवर उभं राहिल्यासारखं वजन टाका. चाक कोपऱ्यावर चढतं, क्षणभर हलकं वाटतं आणि पुढच्या बाजूवर ठक्कन बसतं. हे जे हलकं वाटतं ना, तिथे लोक चुकतात, घाबरून मागचा पाय दाबतात आणि चाक मागे येऊन पुन्हा त्याच बाजूवर बसतं. कोपऱ्यावर असताना पायांनी काहीही करायचं नाही. जोर बाजूवर असताना, कोपऱ्यावर सैल, एवढाच ताल. षटकोनात दर अर्ध्या फेरीला एक कोपरा क्रँक आडवा असताना येतो, तो सोपा, पुढचे दोन नुसत्या वजनाने पार होत नाहीत, ते वेगावर काढायचे. म्हणून एकेक कोपरा वेगळा जिंकायचा नाही, तीन-तीनचा घास घ्यायचा: जोरात, वाहू दे, वाहू दे.

वजन सीटवरून थोडं काढून पायांवर घ्या, गुडघे सैल, एक हात सीटच्या हँडलला. पूर्ण सीटवर बसून चौकोन चालवला तर तो पाठीच्या मणक्याला भारी पडतो. ज्यांना पाठीचा त्रास आहे त्यांनी चौकोन करूच नये, षटकोनही डॉक्टरांना विचारून.

वळायचं फक्त कोपऱ्यावर. बाजू टेकलेली असताना कितीही कंबर फिरवा, चाक हलत नाही, उलट रबर बोल्टांवर ओढलं जातं. कोपऱ्यावर आलात की टेकलेली जागा अगदी अरुंद असते, तेव्हा खांदे आणि कंबर झटकन फिरवली की चाक त्या टोकावर फिरतं. म्हणजे वळण गोलाई घेत होत नाही, तुकड्या-तुकड्यांनी होतं.

थांबणं म्हणजे पाय सैल सोडणं, एक-दोन बाजूंत चाक आपोआप बसतं. फक्त तेव्हा अंग पुढे झुकलेलं असेल तर तुम्ही पुढे जाता आणि चाक मागे राहतं, त्यामुळे पडायचं ते पुढे, दोन्ही पायांवर, पळत. मागे पडायची सवय असेल तर ती गोल चाकावरच मोडून या.

दर वेळी निघायच्या आधी क्रँकचे नट, बेअरिंगच्या कपाचे बोल्ट आणि रबराचे बोल्ट पान्याने तपासा, आदळण्याने ते गोल चाकापेक्षा कितीतरी लवकर ढिले होतात. कोपऱ्यांच्या वेल्डवर बोट फिरवा, केसाएवढी चीर दिसली तरी त्या दिवशी चालवणं बंद, आधी वेल्डिंग. कोपऱ्यावरचं रबर बाजूंच्या आधी झिजतं, तेव्हा रिमोल्डवाल्याकडून पट्टी घेताना एक जादा घेऊन ठेवा, पुढच्या वेळी तीच जाडी मिळेल याचा भरवसा नसतो आणि एका चाकावर दोन जाडीचं रबर लावलं की तुमचा मोजून काढलेला षटकोन परत वेडावाकडा.